खारेपाटात मीठ विकणारा माणूस

तुमचा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी "खताचा" असं सांगत असे, आणि समोरचा गृहस्थ नकळत नाकाशी हात नेत असे. माझ्या खताला वास नाही हे सांगेपर्यंत तो दोन पावलं मागे सरकलेला असायचा. मुंबईतल्या एका पेढीचं विलायती खत खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांच्या गळी उतरवायचं, ही माझी नोकरी. एकोणीसशे तिसाच्या दशकातली माझी उमेदीची वर्षं कुलाबा जिल्ह्यात ह्याच कामात गेली. धरमतरच्या खाडीपासून माणगावच्या बाजारापर्यंत आणि खाली काशीदच्या किनाऱ्यापर्यंत मी पायाचे तुकडे पाडून घेतले. लोक मला 'मीठवाले मास्तर' म्हणत. मास्तर मी कधीच नव्हतो. आणि मीठही मी कधी विकलं नाही, पण हे पटवण्यातच निम्मं आयुष्य खर्ची पडलं.

खताचं नाव अमोनियम सल्फेट. दिसायला पांढरं, खडेदार, हुबेहूब मीठ. पिकाला जे अन्न लागतं त्यातलं एक म्हणजे नत्र. पान हिरवं करायचं, बुंध्याला फुटवे काढायचे, हे नत्राचं काम. शेणखतातही नत्र असतं, पण ते सवडीनं मिळतं. शेणखत म्हणजे कोठीतलं धान्य आणि हे खत म्हणजे ताटात वाढलेला भात. भुकेच्या वेळी वाढलं तर अंगी लागतं, आणि वाढून ठेवून निघून गेलात तर कुत्रं खाऊन जातं. आमच्या धंद्यातली सगळी अक्कल ह्या कुत्र्याला हाकलण्यात होती. शेतातून पाणी वाहतं असताना खत टाकलं की पाणी नेतं. ओल्या पानांवर टाकलं की पानं करपतात. पेढीनं छापलेली पत्रकं हे सगळं सांगत, पण ज्यांना सांगायचं त्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना वाचता येई ते शेतात उतरत नव्हते. म्हणून माझ्यासारख्याला पगार मिळत होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. काशीदला एक कोळीण मासळीचं खत विकायची. सुकलेल्या, सडक्या मासळीची कुटी. ती मला बाजारात पाहिली की गोणीवर हात मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तुझे खताला वास न्हाय, मंग ताकद कशी असंल?" तिच्या मालात नत्र होतं आणि चांगलं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी वाद घालत नसे. शिवाय तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या किनाऱ्यावर अजून जन्मायचा होता.

माणगावकडचा एक शेतकरी मात्र माझ्या अंगावरच धावून आला. त्या बाजूला भाताचं रोप करण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राबाची राख म्हणजे रोपाचं पहिलं दूध, अशी त्यांची श्रद्धा, आणि ती खोटीही नाही. ह्या गृहस्थानं विचार केला, राख चांगली, मास्तरांचं खतही चांगलं, मग दोन्ही एकत्र केली तर सोन्याहून पिवळं. घमेल्यात राख आणि खत कालवलं, वर थोडं पाणी शिंपडलं, आणि असा काही उग्र वाफारा उठला की घरातली झाडून सगळी माणसं डोळे चोळत अंगणात. खत राखेत किंवा चुन्यात मिसळलं की नत्र वायू होऊन उडून जातं. तो मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या गोणीत भूत व्हतं, त्ये पळालं." मी म्हटलं, "बाबा रे, जे पळालं त्याचेच तर तू पैसे दिले होतेस."

आणि एक बडे खोत. मूठभर खतानं भात हिरवं होतं म्हटल्यावर त्यांनी पाटीभर टाकलं. भात छातीएवढं वाढलं, काळंभोर झालं, पाहुण्यांना हात धरून दाखवायला नेऊ लागले. मग परतीच्या पावसाची एक सर आली आणि सगळं शेत आडवं. दाणा भरलाच नाही. अति तेथे माती म्हणतात ती मी डोळ्यांनी पाहिली. हल्ली गोणीवर गोणी ओतणारे शेतकरी पाहिले की मला ते खोत आठवतात आणि वाईट वाटतं. मी ज्याचा प्रचार करत हिंडलो ते हे नव्हे.

पण मला सांगायचं आहे ते मथुरेबद्दल.

पेणच्या पुढे खाडीला लागून खारेपाट आहे. तिथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मातीचे बांध घालून समुद्र बाहेर थोपवायचा, पावसाचं गोडं पाणी शेतात साठवून जमिनीतला खार धुवून काढायचा आणि मग लावणी. बांध उभा तर गाव उभा. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, आणि खांड पडली की घरागणिक एका माणसानं पाटी-फावडं घेऊन धावलंच पाहिजे, असा दंडक. तिथं भांडण, रुसवाफुगवा, सुतक, काही चालत नाही.

अशा एका आगरी गावात जोमा नावाच्या म्हाताऱ्या पंचानं मला त्याच्या पडवीत उतरू दिलं. त्याचा थोरला मुलगा मुंबईच्या गोदीत कामाला असताना तापानं गेला होता. मथुरा ही त्याची विधवा, पदरात दोन मुली. धाकटा मुलगा चांगा. म्हाताऱ्याच्या जमिनीपैकी खाडीकडचं शेत मथुरा कसायची आणि त्याला लागून असलेलं, किंचित सखल शेत चांगा. दोघांमध्ये एकच बांध.

त्या बांधाची कथा मला पहिल्याच दिवशी गावात ऐकायला मिळाली. दोन वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीला खांड पडली, ती नेमकी मथुरेच्या शेतासमोर. पाण्याला असा जोर की खांड काही बुजेना. तेव्हा गावानं ठरवलं, बाहेरचा बांध गेला तर जाऊ द्या, मथुरेच्या आणि चांगाच्या शेतामधला बांध उंच करा, म्हणजे पुढची सगळी शेतं वाचतील. म्हणजे मथुरेचं शेत समुद्राला देऊन टाकायचं. नवऱ्याच्या जागी तीच आली होती. ती गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि स्वतःचं शेत बाहेर ठेवणाऱ्या त्या बांधावर घालायला पाटीमागून पाटी चिखल देत राहिली. तोंडातून शब्द नाही. पुढे ओहोटीच्या दिवसांत बाहेरची खांड बुजवली, पण जमिनीत मुरलेला खार इतक्यात थोडाच जातो. पहिल्या वर्षी तिच्या शेतात काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी नुसता पेंढा आला.

मग जोमानं निवाडा केला होता. औंदा ह्या शेतातल्या भातानं घरची कणगी भरली तर शेत मथुरेकडे, नाही तर चांगा ते कसेल आणि मथुरेनं त्याच्याकडे मजुरासारखं राबावं. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली, माणसाच्या उंचीची धान्याची कोठी. म्हातारा दुष्ट नव्हता. घरात खाणारी तोंडं होती आणि त्याला भात हवं होतं. पण मथुरेच्या दोन्ही मुलींचं आणि तिचं त्या घरातलं स्थान त्या कणगीवर येऊन ठेपलं होतं.

हे सगळं कानावर असताना मी देवळासमोर गोणी उघडली. पांढरे खडे बघून जमलेली माणसं मागं सरकली. मग चांगा पुढं आला. बोलायला शांत, पण डोळे तापलेले. "मास्तर, आमचे बापजाद्यांचा जल्म मीठ धुवन्यात गेला. तुमी आमाला मीठ पेराया सांगताव?"

गावातले निम्मे पुरुष उन्हाळ्यात मिठागरावर राबणारे. मीठ कशाला म्हणतात हे त्यांना मी सांगायचं म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगण्यापैकी. तरी मी म्हटलं, "हे मीठ नाही हो." एकानं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकून टाकलं. "खारट हाय," तो म्हणाला. आता माझं खत चवीला थोडं खारट लागतं, ह्याला मी काय करणार? सभा उठली. कंपनीच्या पत्रकात चवीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

गोणी बांधत असताना मथुरा आली. पस्तिशीची, काळीसावळी, कासोटा घातलेला, हाताला शेतातला चिखल. "भाऊ, मूठभर द्या," एवढंच म्हणाली. पदरात घेऊन ती घरात गेली. मी पडवीतून बघत होतो. चुलीपुढे बसून तिनं आधी घरातलं मीठ विस्तवात टाकलं. ते तडतडलं. आपल्याकडे दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात आणि तडतड ऐकली की आयांचा जीव भांड्यात पडतो, ते तडतडणं. मग तिनं माझं खत टाकलं. ते वितळलं, धुरकटलं, तिखट वास सुटला, मथुरेला ठसका लागला. पण तडतडलं नाही.

डोळे पुसत ती बाहेर आली आणि सासऱ्याला म्हणाली, "बाबा, ये मीठ न्हाय. मी टाकनार."

मला हसावं की तिच्या पाया पडावं कळेना. पुढे कितीतरी गावांत मी भाषणाऐवजी चूल पेटवायला सांगत असे. ती परीक्षा मला मथुरेनं दिली.

चांगानं एक अट घातली. "टाकायचं तर टाक, वयनी. पन तुझे शेतातला एक थेंब माझे शेतात येता कामा न्हाय." गंमत अशी की विरोधकानं घातलेली अट आणि माझ्या धंद्याचा पहिला नियम एकच होता. पाणी आधी उतरवायचं, चिखल तेवढा ओला ठेवायचा, तण काढायचं, पानांवरचं दव सुकू द्यायचं. खत चाळलेल्या कोरड्या मातीत मिसळून सारखं फेकायचं. मग निदान तीन दिवस शेताचं तोंड बंद. कोकणात पाणी शेतातून शेतात उतरत जातं, त्यामुळे हे तोंड बंद करणं सगळ्यात कठीण. शेजारी राजी नसेल तर माझं खत फुकट.

भात फुटव्याला आलं होतं, पण पिवळट, उपाशी. मथुरेनं आणि मी मिळून बांध लिंपला. ऊन पडलेल्या एका सकाळी ती मूठ मूठ फेकत शेतभर फिरली. शेवटची मूठ टाकून झाल्यावर तिनं रिकामं घमेलं पालथं करून झटकलं, त्यातली पांढरी धूळही शेतातच पडली पाहिजे म्हणून.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला तो पाऊस आला, ज्यात आकाश आणि खाडी वेगळी दिसत नाहीत. रात्रभर कोसळला. सकाळी मथुरा हाका मारत आली. शेतातलं पाणी वीतभर उतरलं होतं. बांधाच्या पोटात खेकड्यानं बीळ पाडलं होतं, आणि त्या बिळातून तिच्या शेतातलं पाणी, माझ्या खतासकट, सरळ चांगाच्या शेतात.

चांगा फावडं घेऊन उभा. "माझे भाताची माती केलंस," तो तिला म्हणाला आणि आपल्या शेताचं पाणी खाली सोडायला धावला. पण खालच्या शेतांचे मालक फावडी घेऊन त्याच्या आधी तिथं पोचले होते. त्यातला एक म्हणाला, "तुझे घरचा मीठ तुझे घरात ठेव." चांगानं शिव्या दिल्या, त्यांनी परत केल्या. कुणी कुणाला तोंड उघडू देईना. मी मधे पडून दोन्ही बाजूंना समजावत होतो खरा, पण मनात म्हणत होतो, देवा, ह्यांना आणखी चार दिवस असंच भांडत ठेव. कारण ते भांडत होते तोवर पाणी अडलेलं होतं आणि खत चांगाच्या चिखलात मुरत होतं.

पण मथुरेचं काय? तिच्या शेताच्या वरच्या भागात खत मुरलं असावं, बिळाच्या बाजूचं मात्र धुऊन गेलं होतं. दुसरी गोण आणायला मी धरमतर गाठलं, तर वादळानं लाँच बंद. ती सुरू होऊन गोण येईपर्यंत भात पोटरीला आलं होतं. लोंबी पोटात धरलेल्या भाताला तेव्हा जेवण वाढून काही होत नाही. गोण तशीच पडवीत पडून राहिली. त्या वेळी मला माझ्या धंद्याचा फार राग आला. काय टाकायचं, कधी टाकायचं, कसं टाकायचं, सगळं शिकलो, आणि एका खेकड्यानं निकाल लावला.

मग ते दिसू लागलं. चांगाच्या शेतात, बिळाच्या तोंडापासून सुरू होऊन पुढे रुंदावत गेलेला एक पट्टा. भोवतीचं भात साधं हिरवं आणि तो पट्टा काळपट हिरवा, दाट, कमरेला लागणारा. एखाद्या शेतानं जीभ बाहेर काढावी तसा. आंधळ्यालाही दिसला असता. खालच्या शेतांचे मालक बांधावर उभे राहून बघत आणि घरी जात. त्यातल्या एकानं मला हळूच विचारलं, "मास्तर, त्यो खेकडा माझे बांधाला न्हाय का येनार?"

मी मथुरेला म्हटलं, "पंचांसमोर सांग. तो पट्टा तुझ्या खताचा आहे." ती खुरपं पुसत होती. म्हणाली, "मी काय सांगू, भाऊ? भावजींना डोले हायत. शेत रोज त्येंचे फुढं उभा हाय."

मला तिचा तो शांतपणा तेव्हा आवडला नाही. तिचं शेत तिच्या हातून जायला आलं होतं आणि ती दिराच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून होती. मी असतो तर गाव डोक्यावर घेतलं असतं.

कापणी झाली. मी मुद्दाम झोडणीला गेलो. जोमाच्या खळ्यावर मथुरेचे भारे आले, तिनं आणि मुलींनी झोडले, वारवले. गेल्या वर्षीच्या मानानं भात पुष्कळ होतं. एक-एक पाटी कणगीत पडत गेली. शेवटची पाटी ओतली तेव्हा कणगी हातभर रिकामी होती. जोमा वाकून आत बघत राहिला. मथुरा पाटी हातात धरून उभी. तिच्या थोरल्या मुलीनं खळ्यावरचे सांडलेले दाणे वेचायला सुरुवात केली. 

तेवढ्यात चांगा आला, डोक्यावर भारा. तो त्यानं खळ्यावर टाकला, परत गेला, दुसरा आणला. असे किती आणले, मी मोजले नाहीत. ते सगळं त्या पट्ट्यातलं भात होतं. लोंब्या वजनानं वाकलेल्या.

जोमानं विचारलं, "ये काय?"

"वयनीचा हाय," चांगा म्हणाला.

मथुरा म्हणाली, "भावजी, रोपं तुमची, लावनी तुमची."

चांगा धोतराला हात पुसत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "खांड पडली तवा चिखलाची पाटी तू देत व्हतीस न् बांधावर मी टाकत व्हतू. तवा तू इचारलास का, शेत कोनाचा बुडतंय?"

 मग त्यानंच पहिला भारा उचलला आणि झोडायला घेतला. ज्या शेतावर त्याचा हक्क लागायला आला होता, ते शेत तो स्वतःच्या हातानं झोडून परत करत होता. मी खत विकत आयुष्यभर हिंडलो. खूप पिकं पाहिली, पण असं पीक पुन्हा पाहिलं नाही.

ते भात कणगीत पडलं. तरीही वर वीतभर जागा उरली. मी पाहिली, मथुरेनं पाहिली. जोमा काठीला रेलून बराच वेळ आत बघत राहिला. डोळे अधू झाले होते म्हाताऱ्याचे, पण वीतभर न दिसण्याइतके नाही.

"भरली," तो म्हणाला.

चांगानं लगेच वर पेंढा अंथरला, शेणाचा गोळा घेतला आणि कणगीचं तोंड लिंपायला लागला. चांगलं जाड लिंपलं त्यानं, बोटांचे वळ उमटेपर्यंत. मथुरा मागं फिरून उभी राहिली. पदर तोंडाशी होता.

मुंबईला परतल्यावर पेढीच्या साहेबांनी मला बोलावलं. "त्या खारेपाटातल्या प्रयोगाचं काय झालं?"

"कणगी भरली, साहेब."

"भरली म्हणजे? मण किती? वाढ किती? मोजायला हवं."

"आता नाही मोजता येणार," मी म्हणालो. "दिरानं लिंपली."